वादळात पडलेल्या विमानांनी काय शिकविले?

चैत्र-वैशाखात आमच्या बेळगावकडे वळीव कसा येतो, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. सकाळी आभाळ स्वच्छ असते. दोन प्रहरी पिंजलेल्या कापसासारखे ढग क्षितिजावर डोके वर काढतात. तासा-दीड तासात त्यांचा काळा डोंगर होतो. मग गार वाऱ्याचा एक लोट धूळ व पालापाचोळा उडवीत येतो, आणि त्यामागून विजा, गारा व टपोरे थेंब. ह्या क्रमातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे: पाऊस येण्यापूर्वी वारा येतो.

नववीच्या वर्गात ढगांचा पाठ चालू असता एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, विमान असल्या ढगात शिरलं तर?" सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमाने मुलांनी पाहिलेली असतात, तेव्हा प्रश्न स्वाभाविकच होता. आम्ही १९६३ साली मायामीजवळ झालेल्या एका अपघाताची हकीकत थोडक्यात सांगितली व शेवटी म्हणालो, "वैमानिकाने भलत्या वेळी विमानाचे नाक खाली दाबले." एवढ्यावर वर्गाचे समाधान झाले. मागच्या बाकावरील एका मुलाचे मात्र झाले नाही. त्याचे वडील मालमोटार चालवितात. तो म्हणाला, "सर, गाडी उलटली की सगळे आधी ड्रायव्हरलाच धरतात. विमानात पण तसंच काय?"

त्यास आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन त्या अपघाताविषयी पुन्हा वाचन केले, तेव्हा आमचे वाक्य खोटे नसले तरी फार अपुरे होते हे कळून आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास उशिरा दिलेले उत्तर होय.

ढगाच्या पोटात काय असते?

काचेच्या चंचुपात्रात पाणी घ्यावे, त्यात चिमूटभर लाकडाचा भुसा टाकावा आणि पात्राच्या एका कडेखाली दिवा ठेवावा. थोड्याच वेळात त्या कडेने भुसा वर चढू लागतो, वर पसरतो आणि दुसऱ्या कडेने खाली उतरतो. वादळी ढगाचे मर्म एवढ्या प्रयोगात आहे. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते. वर गेल्यावर तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात, त्या वेळी उष्णता बाहेर पडते आणि हवा आणखी जोराने वर जाते. असा ढग ४० ते ५० हजार फुटांपर्यंत सहज चढतो. पुढे थेंब व गारा जड झाल्या म्हणजे त्या खाली येताना आपल्याबरोबर थंड हवेचा लोटही खाली ओढून आणतात. तात्पर्य, एकाच ढगात वर जाणारा झोत आणि खाली येणारा झोत जवळजवळ नांदत असतात. विमान एकातून निघून काही सेकंदांत दुसऱ्यात शिरते, यातच सारा धोका आहे.

हे ज्ञान अंदाजाने मिळालेले नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत १९४६ साली फ्लोरिडात व १९४७ साली ओहायोत हवामानशास्त्रज्ञ होरेस बायर्स व त्यांचे सहकारी रॉस्को ब्रेहॅम यांनी मुद्दाम वादळी ढगांत विमाने पाठविली. पी-६१ जातीची मजबूत लढाऊ विमाने एकावर एक अशी पाच निरनिराळ्या उंचींवरून एकाच ढगातून नेण्यात येत. अशा हजाराहून अधिक फेऱ्या झाल्या. ढगाचे बालपण, तारुण्य व वार्धक्य अशा तीन अवस्था असतात, हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु ही विमाने पंख्याची होती. जेट प्रवासी विमानांचे युग अजून यावयाचे होते.

जुगलगोरी, १९५३

ते युग २ मे १९५२ रोजी सुरू झाले. त्या दिवशी ब्रिटिश बनावटीचे कॉमेट विमान प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गकडे निघाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला निघालेले असेच एक कॉमेट दुपारी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे उडाले. बंगालमध्ये तो काळ कालबैशाखीचा. आपल्या वळवाचाच हा थोरला भाऊ. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान वादळाच्या तडाख्यात सापडले, हवेतच मोडले आणि कलकत्त्याच्या वायव्येस जुगलगोरी गावाजवळ त्याचे तुकडे पडले. त्यातील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

भारत सरकारने चौकशी नेमली. वादळाच्या झपाट्यामुळे, किंवा त्या झपाट्यात वैमानिकाने नियंत्रणे वाजवीपेक्षा जास्त हलविल्यामुळे, विमानाचा सांगाडा मोडला असावा असा निष्कर्ष निघाला. येथे चौकशी थांबली असती तर आमच्या वर्गातल्याप्रमाणे सर्वांचे समाधान झाले असते. पण पुढचा प्रश्न विचारला गेला: वैमानिकाने नियंत्रणे जास्त हलविली असतील तर ती का?

बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात कासरा असतो. बैल किती ओढतात हे त्यास कासऱ्यावरून हाताला कळते. जुन्या विमानांत वैमानिकाच्या दांड्याचेही तसेच होते. पंखावर व शेपटीवर हवेचा दाब किती आहे, हे त्याच्या हाताला जाणवे. कॉमेटमध्ये ही ताकद तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे लावीत. त्यामुळे काम हलके झाले. पण हाताची जाणीव गेली. आपण शेपटीवर किती ताण आणीत आहोत, हे वैमानिकास कळेनासे झाले. म्हणून पुढील कॉमेट विमानांत वेगाच्या मानाने दांडा जड होत जाईल अशी कृत्रिम जाणीव देणारी योजना बसविण्यात आली. शिवाय पावसाचे ढग दुरून दाखविणारे रडार विमानातच बसवावे, आणि हवा खवळलेली असता वेगाची मर्यादा कडकपणे पाळावी, असेही ठरले.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिल १९५४ रोजी नेपल्सजवळ समुद्रात आणखी दोन कॉमेट पडली. त्या वेळी वादळ नव्हते. इंग्लंडात फार्नबरो येथे एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या हौदात ठेवून, त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून व सोडून पाहिला गेला. तेव्हा धातू थकून तडकतो, असे आढळले. वादळ समोर दिसत असले म्हणजे त्याच्यावर सर्व खापर फोडणे सोपे जाते. खरे कारण मात्र कधी कधी कारखान्यात दडलेले असते.

याच काळात ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डेव्हिड वॉरन नावाचे एक संशोधक कॉमेटच्या अपघातांविषयी विचार करणाऱ्या मंडळींत होते. त्यांचे वडील १९३४ साली विमान अपघातातच गेले होते. मेलेला वैमानिक साक्ष देऊ शकत नाही, तर मग त्याचे बोलणे व यंत्रांचे आकडे नोंदवून ठेवणारी, आगीत व आपटण्यात टिकणारी पेटी विमानात का ठेवू नये, असे त्यांनी मांडले व पुढे तशी पेटी करून दाखविली. आज ती "काळी पेटी" या नावाने सर्वांस ठाऊक आहे. रंगाने मात्र ती सापडण्यास सोपी जावी म्हणून नारिंगी असते.

मायामी, १९६३

आता त्या अपघाताकडे वळू. १२ फेब्रुवारी १९६३ रोजी दुपारी अमेरिकेतील मायामी शहराहून नॉर्थवेस्ट कंपनीचे बोईंग ७२० जातीचे जेट विमान उडाले. आसपास वादळी ढग होते. वैमानिकांनी ते टाळून जाण्याचा मार्ग मागितला होता. सुमारे बारा-तेरा मिनिटांनी विमान दलदलीच्या रानात तुकडे होऊन पडले. येथेही मृतांची संख्या ४३ च होती.

ह्या विमानात धातूच्या पट्टीवर उंची, वेग, दिशा व धक्के कोरणारे यंत्र होते. पट्टी वाचल्यावर शेवटच्या क्षणांचे चित्र उभे राहिले. विमान एकाएकी मिनिटाला सुमारे ९,००० फूट या वेगाने वर उचलले गेले. प्रवासी विमानास अशी चढण शक्य नसते. हे काम ढगातील झोताचे. उंची १९,००० फुटांच्या वर गेली, वेग ताशी २७० सागरी मैलांवरून २१५ वर आला. त्यानंतर काही सेकंदांतच विमान इतक्या जोराने खाली वळले की आतील माणसे त्यांच्या वजनाच्या जवळजवळ पावणेतीनपट जोराने छताकडे फेकली गेली असली पाहिजेत. मग सरळ सूर मारून खाली येत असता विमान मोडले.

वैमानिकाच्या जागी आपण बसलो आहोत अशी कल्पना करावी. बाहेर काळोख, विमान हादरत आहे, यंत्रांचे काटे धड वाचता येत नाहीत. उंचीचा काटा भराभर वर जातो, वेगाचा काटा खाली येतो. वेग फार कमी झाला तर विमान हवेत तरंगणार नाही, ही भीती. अशा वेळी कोणीही नाक खाली दाबील. परंतु तेवढ्यात वर जाणारा झोत संपतो आणि खाली ओढणारा सुरू होतो. आता झोत आणि वैमानिक दोघेही विमानास एकाच दिशेने ढकलतात. सायकल शिकणारा मुलगा डावीकडे कलला की उजवीकडे जास्त वळवितो, मग डावीकडे त्याहून जास्त, आणि शेवटी पडतो. तसाच हा प्रकार. सायकल निदान आपली आपण कलते. येथे कलविणारे वादळ वेगळे आणि सावरणारा हात वेगळा.

चौकशी मंडळाचा निर्णय म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे. केवळ वादळ असे त्यांनी म्हटले नाही आणि केवळ वैमानिक असेही म्हटले नाही. प्रचंड उभे झोत आणि नियंत्रणांच्या मोठ्या हालचाली यांचा प्रतिकूल संयोग झाला व त्यातून विमान सावरता आले नाही, असा त्याचा आशय. "संयोग" हा शब्द आम्ही वर्गात गाळला होता.

त्याच वर्षी जुलै महिन्यात नेब्रास्का प्रांतावर आणखी एक बोईंग ७२० वादळी हवेत वीस हजार फुटांहून अधिक खाली कोसळले. पण शेवटी सावरले. त्याचे वैमानिक जिवंत राहिले व काय घडले ते सांगू शकले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ डीसी-८ जातीचे विमान रात्री खवळलेल्या हवेत सरोवरात पडून ५८ जण दगावले. त्याच्या नोंदयंत्राची पट्टी वाचण्याजोगी उरली नव्हती. तेव्हा दुरुस्तीचे जुने कागद तपासून शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन व तो जुळविणारे यंत्र यांकडे लक्ष गेले. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या बनावटीची विमाने एकाच तऱ्हेने पडत होती. सर्वच वैमानिक एकदम अडाणी कसे झाले? दोष शिकवणीत असला पाहिजे, हे उघड झाले.

नॉर्थवेस्ट कंपनीचेच एक वैमानिक पॉल सोडरलिंड यांनी, तसेच विमाने बांधणाऱ्यांनी व सरकारी संशोधकांनी, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून जी शिकवण निघाली ती ऐकावयास सोपी आहे. खवळलेल्या हवेत उंचीच्या व वेगाच्या काट्यामागे धावू नये. ठरावीक वेग आधीच धरावा, यंत्राची शक्ती कायम ठेवावी, आणि कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या यंत्राकडे पाहून विमानाचे नाक व पंख सपाट राखावेत. विमान हजार फूट वर गेले तर जाऊ द्यावे, खाली आले तर येऊ द्यावे. शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन झोताच्या मागे लागून बदलू नये. पुरात सापडलेला पट्टीचा पोहणारा प्रवाहाशी झुंजत नाही, अंग सावरून राहतो; त्याच जातीचे हे शहाणपण. सहजप्रेरणा जे करावयास सांगते त्याच्या हे उलट असल्याने, ते जमिनीवरील नकली विमानकक्षात बसवून वैमानिकांकडून घोटून घ्यावे लागते.

वीज

१९६३ हे साल संपण्यापूर्वी आणखी एक धडा मिळाला. ८ डिसेंबरच्या रात्री पॅन अमेरिकन कंपनीचे बोईंग ७०७ विमान फिलाडेल्फियास उतरण्याची वाट पाहत वादळात घिरट्या घालीत होते. मेरीलँड प्रांतातील एल्क्टनजवळ त्यावर वीज पडली, डाव्या पंखातील टाकीतील इंधनाच्या वाफेने पेट घेतला आणि ८१ जण मृत्युमुखी पडले.

विमानावर वीज पडणे ही मोठी नवलाची गोष्ट नव्हे. सांगाडा धातूचा असल्यामुळे ती एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघून जाते व आतील माणसांस सहसा काही होत नाही. परंतु टाकीतील वाफेस ठिणगी लागता कामा नये, याचा विचार पुरेसा झालेला नव्हता. यानंतर अमेरिकेत जेट विमानांच्या पंखांच्या कडांस विद्युतभार हळूहळू सोडून देणाऱ्या बारीक काड्या लावण्याचा हुकूम झाला. १९६७ साली, वीज पडली तरी टाकीतील वाफ पेटणार नाही अशी इंधनाची व्यवस्था असलीच पाहिजे, हे बांधणीच्या नियमांत आले. चटकन पेटणाऱ्या मिश्र इंधनाऐवजी रॉकेलच्या जातीचे इंधनच पुढे प्रवासी विमानांत रूढ झाले. खिडकीजवळ बसणाऱ्या वाचकांनी पंखाच्या मागच्या कडेवरील त्या काड्या अवश्य पाहाव्यात.

पावसापूर्वीचा वारा

लेखाच्या आरंभी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट आता कामास येते. ६ ऑगस्ट १९६६ च्या रात्री ब्रॅनिफ कंपनीचे एक बीएसी १-११ जेट विमान कॅन्सस सिटीहून ओमाहाकडे जात असता वादळी ढगांच्या रांगेजवळ नेब्रास्कातील फॉल्स सिटी गावाशेजारी मोडून पडले. ४२ माणसे गेली. विमान मुख्य पावसात शिरलेही नव्हते. ढगातून खाली आलेली थंड हवा जमिनीवर आपटून पुढे धावते आणि तिच्यापुढे हवेचे भोवरे उठतात, तेथेच शेपटी तुटली. रडार थेंब दाखविते, वारा दाखवीत नाही. म्हणून "थेंब टाळले म्हणजे वादळ टाळले" हा समज सोडून द्यावा लागला. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल दूर राहावे, ही आजची शिकवण अशाच अनुभवांतून पक्की झाली.

जमिनीवर आपटणाऱ्या ह्या हवेचा माग पुढे तेत्सुया फुजिता यांनी काढला. त्यांची कथा शिक्षकांस व विद्यार्थ्यांस दोघांसही आवडेल. १९४५ साली अणुबाँब पडल्यानंतर नागासाकी व हिरोशिमा येथे त्यांनी पडझडीच्या खुणांचा अभ्यास केला होता. १९४७ साली जपानात एका डोंगरावरील वादळाची मापे घेऊन, ढगातून खाली येणाऱ्या हवेविषयी त्यांनी निबंध लिहिला. जवळच्या अमेरिकन रडार ठाण्यावरील केराच्या टोपलीत बायर्स यांचा एक लेख सापडला, तो त्यांच्या हाती आला, आणि त्यांनी आपला निबंध बायर्स यांस पाठविला. तेच हे वादळी ढगांत विमाने पाठविणारे बायर्स. त्यांनी फुजितांना १९५३ साली शिकागोस बोलावून घेतले.

२४ जून १९७५ रोजी न्यू यॉर्क येथे उतरत असलेले बोईंग ७२७ विमान धावपट्टीच्या अलीकडे पडून शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा फुजितांना त्या पडझडीच्या खुणा आठवल्या. तांब्याभर पाणी अंगणात ओतले तर ते चहूकडे फुटते, तशी ढगातील हवा लहानशा जागी खाली ओतली जाऊन चहूकडे फुटते, असे त्यांनी सांगितले. अशा जागी उतरणाऱ्या विमानास आधी समोरचा वारा लागून ते उचलले जाते, आणि लगेच पाठीमागचा वारा लागून त्याचा आधारच नाहीसा होतो. पुष्कळ तज्ज्ञांनी प्रथम विश्वास ठेवला नाही. १९७८ साली शिकागोजवळ व १९८२ साली डेन्व्हरजवळ मापे घेतल्यावर शंका फिटली. तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी डल्लास येथे असाच अपघात होऊन १३७ माणसे गेली. त्यानंतर १९८८ साली अमेरिकेत, असा वारा ओळखून इशारा देणारी यंत्रे प्रवासी विमानांत बसविण्याचा नियम झाला. विमानतळांवरही वाऱ्याची गती मोजणारी रडारे बसली.

तात्पर्य

दांड्याला परत दिलेली जाणीव, विमानातील रडार, नोंदींची पेटी, सपाट राहण्याची शिकवण, पंखावरील काड्या, वादळापासूनचे अंतर, वाऱ्याचा इशारा: आज विमानात निर्धास्त बसणाऱ्या माणसास ह्यांतील एकही गोष्ट आपोआप मिळालेली नाही. प्रत्येकीच्या मागे मृतांची एक यादी आहे. आणि प्रत्येक वेळी "वादळच होते, काय करणार?" किंवा "वैमानिक चुकला, संपले" असे म्हणून मोकळे होण्याची वाट उघडी होती. ती वाट न धरता "तो का चुकला?" असे विचारणारी माणसे होती, म्हणून पुढची माणसे वाचली. वादळे काही कमी झालेली नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात आपले वाक्य दुरुस्त केले आणि फळ्यावर एक काल्पनिक प्रसंग लिहिला: घाटात एक मालमोटार उलटली. मग मुलांस सांगितले, "ड्रायव्हरला सर्वांत शेवटी विचारायचे. आधी काय काय विचाराल?" मुलांनी रस्त्याचे वळण, भार, ब्रेक, टायर, पाऊस, दिवे अशी यादी केली. मागच्या बाकावरील मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आदल्या रात्री त्याला झोप मिळाली होती काय, ते पण लिवा." ते आम्ही सर्वांत वर लिहिले.